गिटारला काढलेली जवारी

६ जानेवारी, सोमवार

आज टेबल मिळालं. दुकानाच्या दाराजवळचं. इतकी वर्षं त्यावर तुटक्या खुंट्या आणि भोपळ्यांच्या कपच्या पडलेल्या असायच्या. मी ते तीनदा पुसलं. अब्बा त्यांच्या खिडकीशी बसून बघत होते. म्हणाले, "रमजानपर्यंत हे टेबल तुझं. तोवर तीन गिटारी अशा कर, की नेणारा तक्रार घेऊन परत येणार नाही. जमलं तर बाहेर पाटी लावू. नाही जमलं तर टेबल माझं आणि तू बँकेच्या परीक्षेला बैस."

रमजान मार्चच्या सुरुवातीला. म्हणजे आठ आठवडे.

आजोबा मिरजेहून इथे माधवनगरला आले तेव्हापासून आमच्याकडे तंबोरे, सतारी आणि भजनाच्या वीणा होतात. गिटार दुकानात पहिल्यांदा मीच आणली, कॉलेजात असताना मैत्रीण अंकिताची जुनी विकत घेतली ती. फोनवर बघून वाजवायला शिकले. वाजवण्याइतकीच ती उघडून बघायला आवडायची. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर चुकला तर सरकवायचे. गिटारचे पडदे ठोकून बसवलेले. चुकले तर चुकले. मला त्याची भीती वाटते आणि म्हणूनच बहुतेक ती आवडते.

ही वही अम्मीने दिली. "डोक्यात फिरवत बसतेस ते इथे लिही, निदान जेवताना तरी गप्प जेवशील," म्हणाली. घरात आम्ही दखनी बोलतो, पण लिहायला मला मराठीच सुचते.

९ जानेवारी, गुरुवार

पहिली गिटार आली. अंकिताच्या भावाची, निमिषची. मान पुढे वाकलेली, तारा इतक्या उंच की दाबताना त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. गिटारच्या मानेत आतून लोखंडी सळई असते. चावी घालून तिला पाव फेरा दिला की मान हळूहळू सरळ होते. पाव फेरा देऊन मी चार तास थांबले, मग आणखी पाव.

अब्बा उठून बघायला आले. "आपल्या तंबोऱ्याच्या मानेला अशी सोय असती तर माझ्या बापाचं अर्धं आयुष्य वाचलं असतं," म्हणाले आणि हसले.

मग माझ्या फोनवरचं सूर दाखवणारं ॲप मागितलं. तार छेडली की काटा हलतो, सूर बरोबर आला की हिरवा होतो. ते त्यांच्या तंबोऱ्याजवळ फोन ठेवून बराच वेळ बसले. ज्यांनी चाळीस वर्षं कानाने तारा लावल्या त्यांना हे खेळणं वाटत असणार. संध्याकाळपर्यंत फोन परत दिला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

कडेगावचे लालासाहेब भजनी मंडळाची वीणा न्यायला आले. सोबत तिळाच्या वड्यांचा डबा. दारातूनच ओरडले, "आवं अजीमभाई! कवापासनं हाक मारतुय, बघना झालायसा!" अब्बा कामात असले की असेच असतात.

मग त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली. "ह्ये काय गं पोरी? इंग्रजी वीणा व्हय?"

"गिटार आहे, काका."

"हिचा भोपळा कुठं गेला मग?"

"नसतो हिला. पोट लाकडाचं असतं."

"अन् तारा सहा! आमची वीणाबाई चार तारांत अभंग म्हणती, हिला सहा लागत्यात?" स्वतःच्याच बोलण्यावर ते लय वेळ हसले. (लय लिहिलं. त्यांचं ऐकून आलं.)

वीणेची जवारी अब्बांनी स्वतः काढली होती. जवारी म्हणजे काय हे मला लिहायची गरज नाही, पण अम्मी म्हणते सगळं लिही. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा माथा कानशीने इतका हलका उतरता करायचा की तार तिथून एकदम सुटत नाही, टेकत टेकत सुटते. मग सूर भुंग्यासारखा गुंजत राहतो. ती जवारी. केसभर जास्त घासलं तर तार फरफरते, कमी घासलं तर आवाज बंद राहतो. मी बाराव्या वर्षी अब्बांच्या मांडीला मांडी लावून शिकले.

त्यांनी वीणा छेडली आणि मला विचारलं, "काय ऐकू येतं, बेटा?"

गेल्या वर्षभरापासून हे चाललंय. प्रत्येक वाद्य झालं की विचारतात. मी सांगते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. परीक्षा घेतात माझी. मी मनात गुणसुद्धा देते स्वतःला.

आज मला तिसरी तार बंद वाटली. पण अब्बांनी काढलेली जवारी, आणि मी लालासाहेबांसमोर बंद म्हणू? माझेच कान थकले असतील. मी म्हटलं, "छान आहे."

"छान आहे," अब्बांनी लालासाहेबांना सांगितलं. वीणा गेली.

तिसरी तार बंदच होती बहुतेक.

१८ जानेवारी, शनिवार

दुसरी गिटारही नीट गेली. फक्त पडदे घासून सपाट करायचे होते.

तिसरी साताऱ्याहून आली. स्वानंदीताई तिथल्या एका शाळेत संगीत शिकवतात, पस्तिशीच्या असतील. निमिषने त्यांना माझं नाव सांगितलं. अकरा वर्षं त्यांनी मुलांना तीन-तीन सुरांची गाणी वाजवायला शिकवली. आता दोन फेब्रुवारीला साताऱ्यात त्यांचा स्वतःचा पहिला कार्यक्रम आहे. तासभर, एकट्या, नुसती गिटार. गायन नाही, तबला नाही.

"लोक उठून गेले तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

त्या हसल्या. "मी घरातल्यांना कोपऱ्यातल्या खुर्च्या दिल्यात. म्हणजे त्यांना उठून जाता येणार नाही."

गिटार सुरेख आहे. पुढची फळी जुन्या तुपाच्या रंगाची झालीय. पण जाड तारांचा आवाज बसका, जसा सर्दीतला. मी आत आरसा घालून बघितलं, लाकडात काही दोष नाही. खालच्या बाजूला तारा ज्या पट्टीवरून जातात, ज्याला सॅडल म्हणतात, ती स्वस्त प्लास्टिकची निघाली. मी म्हटलं, हाडाची करून देते.

"आवाज मोकळा होईल?"

"होईल," मी म्हटलं. एवढ्या ठामपणे मी सहसा काही बोलत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

असा दिवस रोज यावा. सकाळी हाडाचा तुकडा निवडला, अब्बांच्या डब्यातला सगळ्यात पांढरा. खाचेत बसेपर्यंत घासला, मग माथा घडवला. हाड घासताना पांढरी भुकटी बोटांवर बसते, अम्मी म्हणते चपात्या लाटून आल्यासारखी दिसतेस. दुपारी तारांचे तीन संच लावून बघितले. पितळी झाक असलेले ठेवले, बाकीच्यांचा आवाज फार चमकत होता. तारा चढवल्या आणि जाड तार छेडली.

उघडली! गुंजली! इतका वेळ राहिला तो सूर की मी मोजत बसले. या बाईंच्या गिटारच्या पोटात एवढं होतं आणि प्लास्टिकने दाबून ठेवलं होतं.

अब्बांना बोलावलं. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, पुढच्या फळीवर तळवा ठेवला आणि तार छेडली. मग चष्मा कपाळावर चढवून सॅडलकडे अगदी जवळून बघितलं. "उतार झकास दिलायस," म्हणाले.

झकास. अब्बांच्या तोंडून. मी तारीख म्हणून सॅडलच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने २३ लिहिलं.

२५ जानेवारी, शनिवार

स्वानंदीताई येऊन गिटार घेऊन गेल्या. समोर रस्त्याचं काम चाललंय, रोलरच्या धडधडीत त्यांनी कशीबशी दोन-चार तारा छेडल्या. "जिवंत झाली की!" म्हणाल्या, आणि बस गाठायला पळाल्या.

तीन झाल्या. तरी मी पाटीबद्दल काही बोलले नाही. रमजानपर्यंत, असं ठरलंय.

२८ जानेवारी, मंगळवार

दुपारी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"फिरदोस, रागावत नाहीये हं. पण ही फरफरते. घरी आल्यावर, शांततेत वाजवल्यावर कळलं. प्रत्येक सुराच्या मागे काहीतरी गुणगुणतंय. डब्यात माशी अडकल्यासारखं. दोन सूर एकत्र वाजवले की सगळा चिखल होतो. मला वाटलं माझंच बोट नीट पडत नाही, तीन दिवस बोटं बदलून पाहिली."

तीन दिवस. कार्यक्रम पाच दिवसांवर आणि आधीचे तीन त्यांनी माझ्या चुकीपायी स्वतःच्या बोटांना दोष देण्यात घालवले.

मी म्हटलं, मी बघते. काय बघते ते मलाच माहीत नव्हतं.

माझी स्वतःची गिटार घेतली. तिच्या प्लास्टिकच्या सॅडलवर नख फिरवलं. माथा गोल आणि पुढची कड तीक्ष्ण. तार त्या एका कडेवरून सुटते. मग तेवीस तारखेला माझ्या हातांनी काय केलं ते आठवलं. आठवलं म्हणजे हातांनाच आठवलं. कानस पुढे नेताना मनगट किंचित खाली वळतं, तसं ते वळलं होतं. तसंच शिकलंय ते. बारा वर्षं तंबोऱ्याच्या घोडीवर जे करते तेच मी गिटारला केलं. मी तिला जवारी काढली.

आणि वर तिच्या त्या गुंजण्यावर खूश होऊन मोजत बसले.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी अब्बांना सगळं सांगितलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वापरलं नाही. नुसतं म्हटलं, "गिटारला जवारी काढली मी. गिटारला ती नको असते."

मी पुढे विचारलं, कारण ते न विचारता मला जेवण गेलं नसतं, "अब्बा, तुम्ही वाजवून बघितलीत. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

त्यांनी हातातली कानस पुसली. दोन्ही बाजूंनी. म्हणाले, "मला वाटलं, तुला ऐकू आलं असेल."

म्हणजे मुद्दाम चुकू दिलं त्यांनी मला. स्वतः ऐकावं, स्वतः ओळखावं म्हणून. एवढा कठीण पेपर काढायला नको होता, दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम पणाला लावून. असं मला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल वाईटही वाटलं.

अम्मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन तिने अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला, मग माझ्याकडे वळली, "साताऱ्याला किती वाजता गाडी आहे? मी येते तुझ्याबरोबर." ओरडा मला बसायला हवा होता, आणि अम्मीने हात ठेवला अब्बांच्या खांद्यावर. आमच्या घरात हे असं असतं.

३० जानेवारी, गुरुवार

पहाटेच्या एसटीने सातारा. कानशी, हाडाचे तीन तुकडे आणि शेंगदाण्याची चटणी-भाकरी. चटणी-भाकरी अम्मीची.

स्वानंदीताईंनी शाळेतून अर्धी रजा घेतली होती. त्यांच्या खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा उतार दिसतो. मी तो फारसा बघितला नाही. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून काम सुरू केलं. आधीचाच तुकडा सुधारावा असं वाटलं होतं. पुढचा उतार घासून टाकला असता तर फरफर गेली असती, पण तार थोडी मागून सुटून सूर उतरला असता. म्हणून नवाच घडवायचा.

मी त्यांना सांगितलं, काय झालं आणि का झालं. त्यांनी माझा सगळा कबुलीजबाब शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या गिटारचा तंबोरा केलास तू."

"हो."

"आणि मी तीन दिवस एका तंबोऱ्यावर गिटार वाजवायचा प्रयत्न करत होते." त्या हसायला लागल्या. अम्मीपण. मला हसू आलं नाही. माथा घडवत होते.

मनगट सारखं खाली वळत होतं. शेवटी मी कानस टॉवेलवर पक्की धरली आणि हाड तिच्यावर फिरवलं, म्हणजे मनगटाला जुनी वाट सापडू नये. पुढची कड तीक्ष्ण, मागे हलका उतार. तीन तास लागले. तार नेमकी कुठे टेकते ते कळायला प्रत्येक तारेखाली कागदाची पट्टी सरकवून बघितली.

स्वानंदीताईंनी वाजवलं. दोन सूर, मग चार, मग एक अख्खी चाल. प्रत्येक सूर वेगळा, धुतलेल्या भांड्यांसारखा. आणि तरी भरलेला. मी डोळे मिटून जाड तार ऐकली. फरफर नाही. पुन्हा वाजवायला सांगितलं. आणि पुन्हा.

"पुरे गं," अम्मी म्हणाली, "त्यांना दोन तारखेसाठी बोटं ठेवू दे."

निघताना मी म्हटलं, "मी घाईत ठामपणे 'होईल' म्हटलं होतं. तसं म्हणायला नको होतं."

त्या म्हणाल्या, "झाला की आवाज मोकळा. दुसऱ्या फेरीत झाला."

पहिला तुकडा मी परत आणला. अब्बांना दिला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरला. "उतार बरोबर आहे याचा," म्हणाले. तो त्यांनी टाकला नाही. आजोबांच्या डब्यात ठेवला.

३ फेब्रुवारी, सोमवार

स्वानंदीताईंनी कालच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं. एकही माणूस उठून गेला नाही, कोपऱ्यातल्या खुर्च्या धरून. खाली लिहिलंय : "कुणीतरी विचारलं, गिटारचं काम कुणी केलं? तुझं नाव सांगितलं. जवारीची गोष्ट सांगितली नाही."

मी अब्बांना ऐकवलं. त्यांनी फोन उजव्या कानाला लावला, आवाज पूर्ण वाढवून, आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला. तासभर. त्यांचा हात दुखला असेल. "स्वच्छ आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "स्वच्छ आहे."

हे खरं सांगितलं. लिहिताना ते चौदा तारखेचं 'छान आहे' आठवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

लालासाहेब वीणा घेऊन परत आले. दार ओलांडायच्या आधीच मला कळलं कशासाठी.

"अजीमभाई, राग नगा मानू. पर तिसरी तार बोलंना. मंडळातली पोरं म्हणत्यात, काका, वीणा रुसलीया. मी म्हटलं, अजीमभाईंच्या हातची हाय, तुमचंच कान फुटल्यात!"

अब्बांनी वीणा घेतली. तिसरी तार छेडली. पुन्हा छेडली. माझ्याकडे बघितलं. "काय ऐकू येतं, बेटा?"

मी म्हटलं, "बंद आहे. तिसरी पूर्ण बंद आहे, चौथी थोडी. आणि अब्बा, मला हे त्या दिवशीही ऐकू आलं होतं. मी बोलले नाही. तुम्ही काढली होती म्हणून."

बाहेर रोलर बंद होता, रविवार ना. मी लालासाहेबांसमोर अब्बांची चूक काढली होती. वर स्वतःचा खोटेपणाही सांगितला होता. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येईना.

अब्बा रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी एकदाच बघितलंय, मागच्या वर्षी मोठं कपाट जिन्यावरून उतरवून आम्ही दोघांनी खाली ठेवलं तेव्हा. त्यांनी आपली कानस उचलली, ती आजोबांची, लाकडी मुठीची, जी मला कधी धरू दिली नव्हती. माझ्यापुढे केली. लालासाहेबांना म्हणाले, "ही काढेल. आता जवारी हीच काढत जाईल."

लालासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा नेहमीचा मोठा आवाज एकदम खाली आला. "बरं झालं," म्हणाले. "लय बरं झालं, अजीमभाई." आणि अब्बांच्या जवळ सरकून, उजव्या बाजूला बसून, चहा मागवला.

अर्ध्या तासात तिसरी तार उघडली. इथे मनगट खाली वळू दिलं. त्याला बरं वाटलं असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दुकानात गेले तर माझं टेबल दाराजवळ नव्हतं. मग दिसलं. अब्बांच्या बैठकीला लागून, खिडकीच्या उजेडात, गिटारच्या चाव्या आणि जवारीच्या कानशी शेजारी शेजारी लावलेल्या.

मी म्हटलं, "अब्बा, तिसरी गिटार तक्रारीत आली. ठरल्याप्रमाणे मी नापास आहे."

"तक्रार घेऊन ती आली नव्हती," ते म्हणाले, "तू गेली होतीस."

पाटीवाला उद्या येणार आहे. त्याला काय लिहायला सांगितलंय ते सांगत नाहीत.

"मग परीक्षा संपली?" मी विचारलं. "ते 'काय ऐकू येतं' विचारणं?"

"कसली परीक्षा?" त्यांनी विचारलं. खरंच कळलं नाही असा चेहरा केला. परीक्षा घेणारे असंच करतात. "ते तर मी रोज विचारणार."

एकच नवा नियम घातलाय. मी त्यांच्या उजव्या हाताला बसायचं आणि बोलायचं ते तिकडूनच. डाव्या बाजूला रस्ता आहे, रोलरची धडधड असते, म्हणून असेल.